व्हर्लीनचे लाल ठिपके

मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. मित्रांनो, फ्रिजच्या मागे घरघरतो तो नव्हे, गाण्याच्या स्टुडिओतला. गाणारा एकदम मोठ्याने गायला की त्याचा आवाज जरासा दाबायचा, कुजबुजला की वर उचलून धरायचा, हे माझं काम. राखाडी पत्र्याचं तोंड, त्यावर फिरवायची चार काळी बटणं आणि मधोमध डोलणारा काटा. पोटात जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह. ते तापले की थंडीत माझ्यावर हात शेकता येत.

अमेरिकेत, मेम्फिसमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी पेटिस कुटुंबाच्या स्टुडिओत आलो. पूर्वी त्या इमारतीत लाँड्री होती. उन्हाळ्यात भिंतींना अजून साबणाचा वास यायचा.

एझेल ब्रॉडनॅक्स तिथे रेकॉर्डिंग करायचा. तो माझा माणूस. गाणारे काचेपलीकडे उभे राहत, आणि अलीकडे त्याचा हात माझ्या बटणावर असे. चाळिशीत शुगरने त्याचे डोळे नेले. तो घरी बसला. इतर लोक माझी बटणं फिरवू लागले, पण त्यांचा हात कसा तरी घाईचा होता.

एका सकाळी त्याची बायको व्हर्लीन त्याला दंडाला धरून स्टुडिओत घेऊन आली. तिच्या पर्समध्ये नेलपॉलिशची लाल बाटली होती.

"चर्चमधल्या बायका गायला आल्या की कुठे ठेवायचास हे बटण?" तिने विचारलं.

"व्हर्लीन, घरी चल. लोक बघतायत."

"बघू देत की. तुला कुठे दिसतायत? बोल लवकर, कुठे?"

एझेल हसला. डोळे जायला लागल्यापासून तो हसल्याचं स्टुडिओत कोणी ऐकलं नव्हतं.

तिने प्रत्येक बटणाभोवती रंगाचे थेंब टाकले. एक थर वाळला की त्यावर दुसरा, मसुराएवढा उंचवटा येईपर्यंत. हळू गाणाऱ्यांसाठी एक ठिपका, ट्रम्पेटसाठी दोन, चर्चच्या बायकांसाठी तीन. एक ठिपका ओला असतानाच तिचा अंगठा लागून फरफटला. "तो राहू दे," एझेल म्हणाला, "तो तुझा."

त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षं काम केलं. सिस्टर टॅबिथा आपल्या गेलेल्या मुलासाठी गायला आली तो दिवस मला आठवतो. गाता गाता तिला भरून आलं. एझेलने तिचा श्वास ऐकला आणि हुंदका यायच्या आत माझं बटण एका ठिपक्यावरून तीन ठिपक्यांवर नेलं. तो हुंदका फाटला नाही, गाण्यातच राहिला. लोक माझं नाव घेऊन स्टुडिओत येऊ लागले, माझ्यासोबत फोटो काढू लागले.

मग एका हिवाळ्यात व्हर्लीन गेली. तिला पुरून आल्यावर एझेल कामावर आला आणि बराच वेळ नुसता माझ्या ठिपक्यांवरून बोटं फिरवत बसला. मी तापलेला होतो. त्याच्या हाताला तेवढी ऊब दिली, आणखी काही मला जमण्यासारखं नव्हतं.

पुढे संगणक आले. माझ्यासारख्या यंत्रांचं काम संगणकाच्या आत करणारी सॉफ्टवेअरं निघाली आणि पडद्यावर त्यांचं रूपही आमच्यासारखंच काढायची रीत पडली. अशाच एका कंपनीतून मारेन टॉलेफसन नावाची चित्रकार मुलगी आली. माझ्या चेहऱ्याचा एकेक ओरखडा तिने कॅमेऱ्यात घेतला.

"मिस्टर एझेल, हे लाल ठिपके कसले हो?"

"बायकोने लावलेत, पोरी. हेच माझे डोळे."

मारेनने कॅमेरा पुन्हा ठिपक्यांजवळ नेला. मग म्हणाली, "एकही सोडणार नाही. शब्द देते तुम्हाला."

तिने शब्द पाळला. पडद्यावरच्या माझ्या चित्रात सगळे ठिपके होते, प्रत्येकाची बारीकशी सावलीसुद्धा होती. मला कधी न पाहिलेले लोक म्हणू लागले, "अगदी खरं वाटतं!"

इकडे माझे व्हॉल्व्ह मिळेनासे झाले होते. मला दुरुस्त करणारा म्हाताराही वारला होता. स्टुडिओची मालकीण रॉशेल पेटिस हिने शेवटी माझी वायर काढली. "तुमची नोकरी आहे तशीच राहील हं, मिस्टर एझेल," असं तिने दहादा सांगितलं. मारेन स्वतः नवं सॉफ्टवेअर घेऊन आली. मी अजून तिथेच होतो, गार पडलेला.

"ठिपके आहेत?" एझेलने विचारलं.

"सगळे आहेत. तुमच्या बायकोच्या अंगठ्याने फरफटलेला तोसुद्धा."

एझेलने हात पुढे केला. त्याचं बोट पडद्याला लागलं. त्याने ते डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, मग सावकाश वर नेलं.

"कुठे आहेत?"

त्याने पडद्यावर नखाने टकटक केलं.

"काच आहे ही, पोरी," तो हळूच म्हणाला.

मारेनचा चेहरा उतरला. "थांबा, थांबा, संगणक वाचून दाखवतो," असं म्हणत तिने अंधांसाठीचा आवाज सुरू केला. संगणक बोलू लागला, "बटण. बटण. बटण. बटण."

"अरे पण कुठलं?"

"बटण," संगणक म्हणाला.

"माझी सासू रागावली की अशीच बोलायची," एझेल म्हणाला. पण कोणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात मारेनच्या कंपनीने मला नेलं आणि आपल्या दारातल्या दालनात काचेच्या पेटीत ठेवलं. मारेन दुपारी माझ्याशेजारी बसून सँडविच खायची. एकदा तिने तिथेच साहेबांना अडवलं. बटणांना नावं द्या, संगणकाला त्यांचे आकडे बोलू द्या, म्हणाली.

"किती अंध लोक रेकॉर्डिंग करतात, मारेन? बघू पुढच्या वेळी. आधी काट्यामागचा दिवा जरा पिवळा कर, लोक मागतायत."

चित्रातला दिवा पिवळा झाला. पुढच्या वेळी फॅशनच बदलली. खऱ्या यंत्रासारखी चित्रं आता जुनाट वाटतात, असं ठरलं. पडद्यावरचं माझं तोंड सपाट आणि पांढरं झालं. ठिपके पुसले गेले.

"ती नक्षी नव्हती हो!" मारेन जिन्यात कोणावर तरी ओरडली.

नोकरी सोडताना तिने माझ्यापाशी उभं राहून रॉशेलला फोन लावला. तेव्हा मला कळलं, की एझेलला टेलिफोनपाशी बसवलं होतं. काही दिवस तो "पेटिस स्टुडिओ, नमस्कार" म्हणत राहिला. मग यायचा बंद झाला. घरी असतो. रेडिओसुद्धा लावू देत नाही.

मित्रांनो, मारेन वाईट नव्हती. तिने जे पाहिलं ते मनापासून काढलं. तुम्हीही मोठेपणी काही ना काही बनवाल. ते कसं दिसतं हे लोक तुम्हाला आपणहून सांगतील. ते कोणाला वापरता येत नाही, हे मात्र तुम्हालाच जाऊन विचारावं लागेल, आणि ते काम संपायच्या आधी विचारा.

माझी इथे चांगली निगा राखतात. रोज सकाळी एक बाई येऊन पेटीची काच पुसते. काचेवर एकाही बोटाचा ठसा राहू देत नाही.