भिंतीपलीकडची ढोलकी

सम्यकनं काळा जड डबा छातीशी धरून उचलला आणि मायच्या खोलीच्या भिंतीला नेऊन टेकवला. सुलेखा, म्हणजे त्याची बायको, चितेगावच्या कंपनीत पर्मनंट झाली त्या सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्याच आनंदात घरात होम थिएटर आलं होतं.

सम्यकचे वडील रामकिसन कूलरपुढं खुर्ची टाकून बसले होते. त्या भिंतीच्या पलीकडं मायची, म्हणजे मालनबाईची, लोखंडी खाट होती, आणि गेल्या दिवाळीपासून ती खाटेवरून फारशी उठत नव्हती. दुकानातून जोडणीला आलेला सोमनाथ म्हणाला की डबा टीव्हीजवळ शोभेल. सम्यक म्हणाला, इथंच पाहिजे.

रामकिसननी विचारलं, डबा कशाचा. सोमनाथनं समजावलं. जाड आवाज सगळा या डब्यातून येतो, बारीक आवाज त्या भिंतीवरच्या लहान पेट्यांतून. कुठल्या आकड्यावर वाटणी करायची ते मशीनला सांगावं लागतं.

"ऐंशीवर ठेवलंय, बाबा. याच्या वर नेऊ नका. नायतर माणूस रांजणात बसून बोलल्यासारखा वाटंल."

रामकिसननी मान हलवली. वाटणी हा शब्द त्यांना आवडला नाही.

संशय आजचा नव्हता. धाकटा मुलगा गोकुळ लासूर स्टेशनला राहायचा. महिनाभर सम्यक त्याच्याशी फोनवर मायबद्दल बोलत होता आणि बाप दारात दिसला की फोन ठेवत होता. मागच्या रविवारी तर तो स्वतः लासूरला जाऊन आला. कशाला, ते सांगितलं नाही. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "मामा, त्यांनाच विचारा," आणि कणीक मळू लागली. रामकिसननी मनाशी हिशेब जुळवला. म्हातारीला लासूरला धाडायचं, बापाला इथं ठेवायचं. तोंडानं सांगायची लाज वाटते म्हणून आता भिंत हादरवायची, म्हणजे ती आपणच म्हणेल, मला गोकुळकडं नेऊन घाला.

शिवाय हे यंत्र घरात आणणं हाच त्यांना अपमान वाटत होता. एके काळी मालनबाई गायन पार्टीत गायची आणि रामकिसन ढोलकीवर असायचे. जयंतीच्या महिन्यात सिल्लोडपासून पैठणपर्यंत त्यांना बोलावणी असायची. मग तिचे कान गेले. कानाचं मशीन लावलं की नुसती खरखर, म्हणून तिनं ते डबीत ठेवून दिलं. तेव्हा रामकिसननी ढोलकी उचलली आणि पार्टीतल्याच कारभारी नावाच्या सोबत्याला लासूरला देऊन टाकली. उपाशी माणसापुढं ताट वाढून घ्यायचं नसतं, असं ते म्हणाले. तेव्हापासून घरात गाणं लागलं नाही. टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा ते आवाज बंद करून बघायचे.

सोमनाथ गेला. सम्यकनं दार लावून घेतलं, रिमोट घेतला आणि टीव्हीच्या पडद्यावरचा ऐंशीचा आकडा वर न्यायला लागला. शंभर. एकशेवीस. दीडशे.

"त्यो पोरगा नको म्हणला ना?" रामकिसन म्हणाले.

"त्याला नाय कळायचं, बाबा."

आणि सम्यकनं काहीतरी लावलं. शब्द कळेनात, बाई गाते का बाप्या तेही कळेना, नुसता कोंडलेला घुमारा. खुर्चीचा हात थरथरला. मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून वाजू लागली.

रामकिसन उठले. सम्यक काहीतरी सांगायला पुढं आला, त्याला हातानं बाजूला सारून ते आतल्या खोलीत गेले. खाट ओढून दुसऱ्या भिंतीला लावायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

मालनबाई उठून बसली होती. उजवा तळवा भिंतीला सपाट लावलेला, आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. डोळे मिटलेले. रामकिसननी खाटेच्या माथ्याला हात घातला तसे तिनं डोळे उघडले. त्यांच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, मग भिंतीकडं.

"तुम्ही हितं," ती म्हणाली. ऐकू न येणाऱ्या माणसासारखं मोठ्यानं. "मला वाटलं, तुम्हीच बसलात वाजवायला."

तिनं तळवा भिंतीवर जरा वर सरकवला.

"हात तर तुमचाच हाय. कडवं संपायला आलं की घाई करता. किती येळा सांगितलं."

त्यांनी खाट सोडली. तिच्या तळव्याशेजारी भिंतीला आपला तळवा लावला. चुना गार होता आणि आतून ढोलकीचं डावं, जाड आवाजाचं पान बोलत होतं. कडवं संपत आलं आणि ठेका खरंच थोडा पुढं पळाला.

दारात सम्यक उभा होता. हातात रिमोट, तोंड चोरासारखं.

"कारभारीकाकाकडं तुमच्या पार्टीची जुनी कॅसेट व्हती," तो हळू म्हणाला. "गोकुळनं पत्ता लावला, मी ती पेन ड्राइव्हवर भरून आणली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आणू दिली नसती." जरा थांबून म्हणाला, "ऐंशीवर करू का परत?"

रामकिसननी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"अजून वर जातंय का बघ."

पुढं आषाढात एका पेटीची तार निघाली म्हणून सोमनाथ आला. पडद्यावरचा आकडा बघून त्यानं कपाळाला हात लावला. कुणी बिघडवलं हे, सगळा आवाज नासलाय, म्हणून तो रिमोटकडं वळला. रामकिसननी रिमोट आधीच सदऱ्याच्या खिशात घातला होता.

"मी," ते म्हणाले. "तू तार जोड."

त्या घरात तो आकडा अजून खाली आलेला नाही. मालनबाई त्याच साली, आश्विन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारली.