मिटक्याचा कौल

शिवणक्लासच्या त्या हॉलमध्ये त्या दुपारी टाचणी ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे टाचण्यांखेरीज दुसरे काही सापडत नसे. अकरा शिलाई यंत्रे भिंतीला सरकवून त्यांवर चादरी टाकल्या होत्या. मधोमध मखमल लावलेली एक पेटी होती, पेटीवर जाळीदार पितळी थाळी, थाळीवर काचेचे झाकण आणि झाकणाखाली एक वाळलेले फूल. ते तळहाताएवढे, चंदेरी पाकळ्यांचे होते आणि खुडून कित्येक महिने झालेले होते.

हे मेलेले फूल प्रश्नांची उत्तरे देत असे. सुरुवातीला ते अर्धवट उघडे असे. पूर्ण उमलले की होकार आणि मिटले की नकार.

“हे फूल बर्फाच्या गुहेत शंभर वर्षांतून एकदा उमलतं!” फूल घेऊन आलेले पुष्पगुरू सांगत होते. “यात तीनशे साठ स्पंदनं आहेत. शास्त्रज्ञांना आजवर तीनशे एकोणसाठच मोजता आलीत.”

“आणि उरलेलं एक?” पोस्टमनने विचारले.

“ते फक्त मला ऐकू येतं.”

प्रश्न विचारला की पुष्पगुरू झाकणावर रेशमी कापड टाकत आणि वीस मिनिटे ऊर्जेवर बोलत. कापड उचलले की फूल बदललेले असे आणि हॉलभर “आहाहा!” होई. खोटे कशाला बोलू, पहिल्या दिवशी माझ्याही तोंडून ‘अरेच्चा’ निघून गेले.

गोष्ट एवढ्यावरच थांबती, तर मी घरी जाऊन चहा प्यायलो असतो. पण हा शिवणक्लास माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या ताईंचा. ताईंना काचबिंदू झाला होता. बाजूचे दिसणे कमी होत चालले होते. थेंबांनी डोळ्यातला दाब आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी गुरुवार ठरवला होता. या आजारात गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली तेवढी वाचवता येते. ताईंनी फुलाला विचारले आणि फूल मिटले.

“ताई, डॉक्टरांनी दाब मोजून आकडा दाखवला ना तुम्हाला?” मी म्हणालो.

“दाखवला. पण भाऊजी, मेलेलं फूल मिटताना मी या डोळ्यांनी पाहिलंय.”

“त्याच डोळ्यांचं ऑपरेशन आहे.”

“अहो, टोमणे पुरे,” पत्नी मध्ये पडली. “काहीतरी करा. गुरुवारला चार दिवस राहिलेत.”

तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर चौतीस वर्षे मी सूतगिरणीत हवेतला ओलावा सांभाळला. हवा कोरडी पडली की सूत तुटते, म्हणून तिथे दमटपणा मोजावा लागतो. मोजल्याशिवाय मत द्यायचे नाही, ही सवय तिथेच लागली. मी वही घेऊन पुढच्या दोन बैठकांना बसलो. चौदा प्रश्नांची उत्तरे उतरवून घेतल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. फुलाला डॉक्टर, वकील आणि शिकलेली सून या तिघांचे भारी वावडे होते. पुष्पगुरूंकडे पुन्हा येण्याच्या प्रश्नावर मात्र ते दर वेळी टवटवीत उमले. दुसरी नोंद अशी की, कापड टाकण्यापूर्वी पुष्पगुरूंचा हात पेटीच्या मागे जाई. उत्तर नकार यायचे असेल तर डावीकडे, होकार यायचा असेल तर उजवीकडे.

मंगळवारी मी कपाटातून माझा जुना आर्द्रतामापक काढला. एका तबकडीवर एकच काटा आणि आत ताणून बसवलेला माणसाचा केस, एवढेच ते यंत्र. ओलाव्याने केस किंचित लांबतो आणि काटा सरकतो.

“हा केस कुणाचा हो?” पत्नीने संशयाने विचारले.

“तुझाच. आपलं लग्न झालं त्या वर्षी बसवलाय.”

“म्हणजे माझ्या केसांतही ऊर्जा आहे म्हणायची!”

“आहे ना. पुष्पगुरूंना सांगू नकोस, तुलाच झाकणाखाली बसवतील.”

दुपारी मी हात जोडून पेटीपुढे उभा राहिलो. “गुरुजी, माझ्या या घड्याळाला फुलाचा सहवास मिळेल का?”

“घड्याळ बंद दिसतंय.”

“एक काटा गळालाय, म्हणून तर आलो.”

लोक हसले. पुष्पगुरूंनी मोठ्या मनाने यंत्र झाकणाखाली ठेवले. मी प्रश्न विचारला, “ताईंना गुरुवारी इस्पितळात नेऊ का?” त्यांचा हात पेटीच्या मागे डावीकडे गेला. कापड पडले. वीस मिनिटे ऊर्जा वाहिली. कापड उचलले तेव्हा फूल मिटलेले होते, आणि बावन्नवर असलेला काटा एक्याण्णववर गेला होता.

“मंडळी, हा काटा हवेतला ओलावा दाखवतो,” मी म्हणालो. “हॉल कोरडा आहे आणि झाकणाखाली मात्र पावसाळा आहे. हा ओलावा आला कुठून?”

पुष्पगुरूंनी डोळे मिटले. “फूल रडलं! तुमच्या अविश्वासानं रडलं!”

“आहाहा!” हॉल म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. मग पेटीच्या मागे जाऊन त्यांनी आत ढकललेला डावा खण ओढला. त्यात, थेट जाळीदार थाळीच्या खाली येईल असा, ओलाचिंब स्पंज होता. उजव्या खणात एक छोटा दिवा होता, हवा तापवून कोरडी करणारा.

“तो फुलाचा आहार आहे,” पुष्पगुरू म्हणाले. “आणि तो त्याचा सूर्य.”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. काही माना हलल्या, पण कोणत्या बाजूने ते कळेना. तेवढ्यात ताई उठल्या. यंत्रांच्या कडेला हात लावत त्या पुढे आल्या आणि त्यांनी झाकण बाजूला केले.

“हात लावू नका! भस्म व्हाल!”

“माझ्या हॉलमध्ये मी कशाला हात लावायचा ते मी ठरवीन,” ताई म्हणाल्या. कापडाचा पोत पाहावा तसा त्यांनी पाकळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. बुडाशी काटे लागले तशा त्या थबकल्या.

“अगं बाई! हे तर मिटकं आहे!”

“काय आहे?”

“मिटकं! पाण्याच्या टाकीमागच्या माळावर ढिगानं उगवतं. लहानपणी आम्ही दाराला टांगायचो. हवा ओली झाली की मिटतं. मिटलं की आई ओरडायची, ‘पोरींनो, कपडे आत घ्या!’” त्या पुष्पगुरूंकडे वळल्या. “कुठली हो तुमची बर्फाची गुहा? टाकीच्या अलीकडे की पलीकडे?”

“खरंच की!” पोस्टमन ओरडला. “रोज त्याच माळावरून सायकल हाकतो मी! काचेखाली ठेवलं म्हणून ओळखलं नाही!”

हशाचा असा लोट उठला की पुष्पगुरूंचे तीनशे साठावे स्पंदनही त्यात बुडाले असावे. त्या गडबडीत ते जिना उतरून गेले. पेटी तशीच राहिली. ताई तीत आता रिळे ठेवतात.

यामागचे शास्त्र सोपे आहे. मिटके हे शेवंतीच्या कुळातले आपल्याच मातीतले रानफूल. खडकाच्या फटीत मूळ रोवून ते वर्षानुवर्षे जगते आणि दरसाल नव्याने फुटते. त्याच्या चंदेरी ‘पाकळ्या’ म्हणजे फुलाला वेढणारी कोरडी पाने. ओलावा लागला की पानाची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा जास्त लांबते, म्हणून पान आत वळते. सुकले की परत फिरते. यासाठी फूल जिवंत असावे लागत नाही, आणि त्याला आपल्या सुनेविषयी किंवा डोळ्यांविषयी काही ठाऊक असावे लागत नाही.

गुरुवारी ताईंची शस्त्रक्रिया झाली. दृष्टी होती तेवढी टिकली. सुईत दोरा त्या आजही स्वतः ओवतात.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. नवल वाटले तर खुशाल वाटू द्या, पण त्याच दमात कापडाखाली डोकावून पाहा. पेटीच्या मागे हात गेला तर ‘कशाला गेला?’ असे विचारा. तुमचे प्रश्न ज्याला नको असतील, त्याची उत्तरेही तुम्ही घेऊ नका.

ते फूल आता क्लासच्या खिडकीत टांगलेले आहे. ताई अजूनही त्याला रोज प्रश्न विचारतात, पण एकच: “काय गं, कपडे आत घेऊ का?” बाकीचे सगळे त्या डॉक्टरांना विचारतात.