श्वास घेणारी डबी

खरं तर त्या वकील नव्हत्या. पेटंटचे अर्ज लिहायचे, ते दाखल करायचे आणि पेटंट कार्यालयाने काढलेल्या खुसपटांना उत्तरं द्यायची, एवढाच त्यांचा व्यवसाय. पण चष्म्याच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत जो येई तो त्यांना वकीलबाईच म्हणे. सुरुवातीला त्या समजावून सांगायच्या. बावीस वर्षांत त्यांनी हात टेकले होते.

त्या मंगळवारी आलेलं पत्र चार पानांचं होतं आणि चारही पानांचं सार एकच: नाही. अकरा दावे, अकराही नामंजूर, आणि तेही दुसऱ्यांदा. दावा म्हणजे पेटंटातलं एक वाक्य, जमिनीला कुंपण घालावं तसं: इथून इथपर्यंत आमचं. पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने अकराही कुंपणं उपटून बाजूला ठेवली होती.

प्रकरण होतं एका कागद कारखान्याचं. लगद्याचा ओला कागद तापलेल्या लोखंडी रुळांवरून फिरत वाळतो, आणि तो किती वाळला हे मोजायला रुळांशेजारी सेन्सर बसवलेले असतात. त्या सेन्सरची धातूची डबी कारखान्यातल्याच एका फिटर बाईंनी नव्याने घडवली होती. बशीएवढ्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी एक बारीक खाच कोरली होती. ती मधोमध सुरू व्हायची, गोल गोल नऊ वेढे घ्यायची आणि कडेला बाहेर उघडायची. ही डबी लावल्यापासून सेन्सर पाण्याने मरायचे थांबले. परीक्षकाचं म्हणणं असं, की अगदी अशीच खाच अडुसष्ट वर्षांपूर्वीच्या एका पेटंटात आहे, जहाजावरच्या घड्याळाच्या पेटीला. घड्याळ काढून सेन्सर ठेवला, त्यात मोठा शोध तो कसला?

पहिल्या वेळी वकीलबाईंनी शब्दांचा कीस पाडून उत्तर दिलं होतं. घड्याळ वेगळं, सेन्सर वेगळा, समुद्र वेगळा, कारखाना वेगळा. या पत्रात परीक्षकाने त्याला एकाच ओळीत उत्तर दिलं होतं: "अर्जदाराचं म्हणणं वाचलं. पटलं नाही." वकीलबाईंना जास्त लागलं ते हे, की मनातून त्यांनाही ते पटलेलं नव्हतं.

आता तीन आठवड्यांनी सुनावणी होती. त्यांनी फिटर बाईंना फोन लावला. अर्ज मागे घेऊ या, असं सांगायचं त्यांच्या अगदी जिभेवर होतं.

फिटर बाईंना कारखान्यात सगळे मावशी म्हणायचे. वय चव्वेचाळीस, पण कामावर लागल्या त्याच आठवड्यात त्यांनी मॅनेजरला डोक्यावर टोपी नाही म्हणून सख्ख्या मावशीसारखं झापलं होतं, तेव्हापासून ते नाव चिकटलं.

"नाही म्हणाले?" मावशींनी विचारलं.

"अकराच्या अकरा."

"तो कागद मला पाठवाल का?"

"परीक्षकाचं पत्र? पाठवते की."

"ते नको हो. ज्याच्यामुळे नाही म्हणताहेत तो. घड्याळवाल्याचा."

आपल्या आड आलेलं जुनं पेटंट दाखवलं की लोक चिडतात, नशिबाला बोल लावतात, एकाने तर मेलेल्या माणसाला चोर म्हटलं होतं. ते वाचायला मागणारं माणूस त्यांना बावीस वर्षांत भेटलं नव्हतं. त्यांनी कागद पाठवून दिला.

दोन दिवसांनी मावशींचाच फोन आला. आवाज चढलेला होता, पण रागाने नाही.

"वकीलबाई, तुम्ही इकडे या. हा माणूस फार मोठा होता हो!"

वकीलबाई इतक्या वर्षांत कुठल्या कारखान्यात फारशा गेल्याच नव्हत्या. कुलपं, पंप, झडपा, कितीतरी गोष्टींची कुंपणं त्यांनी टेबलाशी बसून घातली होती, आराखड्यांवरून. कागद कारखान्याच्या दारातच उकडलेल्या लाकडाचा वास आणि दमट ऊब अंगावर आली. आत इतका आवाज होता, की मावशी पुढे चालत हातवाऱ्यांनीच बोलत होत्या. फिटरखोलीचं दार लागलं आणि मग कुठे माणसाचा आवाज ऐकू आला.

खोलीत एक लेथ, एक शेगडी, तेलाने काळा पडलेला बाक. कपाटाच्या दारावर ते जुनं पेटंट, एकेक पान मोठं करून चिकटवलेलं. समासात पेन्सिलीच्या खुणा.

"तिसरी आकृती नीट बघितलीत का?" मावशींनी विचारलं.

वकीलबाईंनी ती बघितली होती, म्हणजे त्यात खाच आहे एवढं बघितलं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे मान हलवली. "नीट नाही."

"मग बसा." मावशींनी स्टूल पुसून पुढे केलं. "आता हे बघा. सगळं जग म्हणतं, पाणी उडतं म्हणून आत जातं. मग काय करा? रबर घट्ट करा, स्क्रू आवळा. मीही तेच करत होते. आणि हा घड्याळवाला काय लिहितो? दिवसा पेटी तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते. संध्याकाळी पेटी गार झाली की आतली हवा आक्रसते आणि पेटी बाहेरचं पाणी ओढून घेते. म्हणजे पेटी श्वास घेते! मला हे उमगायला चार वर्षं लागली आणि बत्तीस सेन्सर मेले. याला अडुसष्ट वर्षांपूर्वी ठाऊक होतं. डोलणाऱ्या जहाजावर बसून."

त्यांनी कागदावर हात ठेवला, थोरल्या भावाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"तो मला भेटला असता ना, तर जेवायलाच बसवलं असतं घरी."

वकीलबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मावशी, असं असेल तर परीक्षकाचं खरंच आहे. त्याला सगळं आधीच माहीत होतं."

"अर्धं. ही बारीक रेघ बघा. खाचेच्या कडेला बूच आहे, आणि हे भोक ग्रीस भरायचं. पेटी श्वास घेते हे कळल्यावर त्याने तिचं नाक दाबलं. पूर्ण खाच ग्रीसने भरून टाकली. इथे लिहिलंय बघा, 'खाचेत हवेला वाट राहू देऊ नये.' मी म्हटलं, घेऊ दे की बिचारीला श्वास!"

वकीलबाई स्टुलावरून उठल्या. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली होती आणि दोन्हीदा ती नजरेखालून निघून गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं. परीक्षक ज्या कागदाच्या जोरावर नाही म्हणत होता, तोच कागद सांगत होता की मावशींनी केलं तसं करू नका.

"पण मग पाणी आत येत नाही?"

"येतं ना. दाखवते."

बाकावर एक डबी होती, तिला काचेसारखं आरपार दिसणारं झाकण. वरून सगळी खाच दिसत होती, गोगलगाईच्या पाठीसारखी. मावशींनी डबी शेगडीवर चांगली तापवली, चिमट्याने उचलली आणि तिची कड निळी शाई घातलेल्या पाण्यात टेकवून ठेवली. मग दोघीही बाकावर वाकून बघत राहिल्या.

आधी काहीच झालं नाही. मग खाचेच्या तोंडाशी निळा ठिपका दिसला. ठिपक्याचा धागा झाला. धागा सरकायला लागला, सावकाश, जणू वाट विचारत विचारत. एक वेढा झाला. दुसरा. तिसऱ्याला त्याचा वेग थोडा मंदावला, तरी तो चालतच राहिला. चौथा. पाचवा. अजून चार वेढे ओलांडले की मधलं भोक, आणि त्या भोकाखाली सेन्सर. वकीलबाईंनी नकळत बाकाची कड घट्ट धरली होती.

सहाव्या वेढ्यात निळा धागा थांबला. कुणी अडवलं नाही, कुठे दार नाही, बूच नाही. नुसता थांबला.

"डबी गार झाली," मावशी हळूच म्हणाल्या. "तिला घ्यायचा होता तेवढा श्वास घेऊन झाला."

त्यांनी डबी पाण्यातून काढून पुन्हा शेगडीवर धरली. धागा थरथरला आणि उलटा फिरला. ज्या वाटेने आला होता त्याच वाटेने, वेढ्यामागून वेढा, मुकाट परत गेला आणि कडेवरून थेंबाथेंबाने शेगडीवर पडून चुर्र करत उडून गेला.

या डबीवर वकीलबाईंनी बत्तीस पानं लिहिली होती. "सदर खाच", "सदर झाकण", "सदर पोकळी". आणि ती अशी जिवंत असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"सहाव्यालाच का थांबतं?" त्यांनी विचारलं.

"आतली पोकळी काडेपेटीएवढी. गार होताना त्यातली हवा जेवढी आक्रसते, तेवढंच पाणी ओढलं जाणार, थेंबभर जास्त नाही. मग खाचेत त्याहून जास्त जागा ठेवली की झालं. आधी मी सात वेढे कोरले होते, पण कडाक्याच्या थंडीत पाणी पार मधल्या भोकाच्या तोंडाशी आलं. म्हणून नऊ."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"दिलं होतं की लिहून. वहीतली मापं."

खरंच दिलं होतं. पोकळी केवढी, खाच केवढी, याचा तक्ता वकीलबाईंनी मूळ अर्जाच्या शेवटच्या पानावर अक्षर न अक्षर उतरवला होता. तो कशासाठी आहे हे मात्र विचारलं नव्हतं. पण तो तिथे होता, पहिल्या दिवसापासून, आणि म्हणून आता दाव्यात घेता येणार होता. पेटंटच्या कामात नवीन काही मागून घुसडता येत नाही. जे पहिल्या दिवशी लिहिलं, तेवढंच आपलं.

परतताना त्यांनी नवं उत्तर मनातल्या मनात जुळवलं. खाच आमची आहे हा पहिला दावा सोडून द्यायचा, ती घड्याळवाल्याचीच. आमचं एवढंच: खाच उघडी ठेवायची, आणि तिच्यातली जागा आतल्या हवेच्या आक्रसण्याहून मोठी ठेवायची.

सुनावणी संगणकाच्या पडद्यावर झाली. वकीलबाईंनी परीक्षकाचं चित्र मनात रंगवलं होतं ते एखाद्या खडूस हेडमास्तरचं. पडद्यावर दिसला तो बारीक आवाजाचा, सर्दी झालेला साधा माणूस. मावशी शेजारी बसल्या होत्या. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्यांना तीन वेळा बजावलं होतं.

परीक्षकाने सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "समजा, त्या घड्याळवाल्याने ग्रीस भरलंच नसतं. मग ही तुमचीच डबी नाही का?"

वकीलबाई उत्तर जुळवत होत्या, तेवढ्यात मावशींना राहवलं नाही.

"साहेब, त्याने भरल्याशिवाय सोडलंच नसतं. तो चुकला नव्हता. त्याचं पाणी खारं. परत गेलं तरी मीठ मागे ठेवणार, आणि मिठाने खाच बुजणार. आणि त्याच्याकडे ऊन, ते कधी असतं कधी नसतं. माझ्याकडे रूळ आहे, रोज तापतो. आत आलेलं पाणी रोज बाहेर जातं. त्याच्या जागी मी असते ना, तर मीही ग्रीसच भरलं असतं. आणि तो माझ्या जागी असता..." त्या जरा अडखळल्या. "तर माझ्या आधी त्याने हे केलं असतं. पण तो नव्हता."

वकीलबाईंना वाटलं, गेलं आता सगळं पाण्यात.

"मी हा कागद चार वेळा वाचला," परीक्षक म्हणाला. "तिसरी आकृती मी फक्त खाच मोजायला बघितली. तुम्ही तो माणूस बघितलात." मग त्याने नाक पुसलं आणि जरा संकोचत विचारलं, "लेखी उत्तरात झाकणाच्या प्रयोगाचा उल्लेख आहे. तो आत्ता दाखवता येईल?"

मावशींनी शेगडी पिशवीतून आणलीच होती. निळा धागा निघाला तसा परीक्षक पडद्याकडे झुकत गेला, शेवटी त्याचं नुसतं कपाळ आणि चष्मा दिसायला लागला. सहाव्या वेढ्यात धागा थांबला, तेव्हा पडद्यातून "अरे!" असा शब्द आला, कार्यालयाचा नव्हे, माणसाचा.

"निर्णय लेखी कळवू," नंतर तो सावरून म्हणाला. पण उठायच्या आधी त्याने कॅमेऱ्याकडे बघून मावशींना नमस्कार केला.

पाच आठवड्यांनी निर्णय आला. अकरांपैकी सात दावे गेले, चार राहिले. मावशींच्या हट्टामुळे वकीलबाईंनी उत्तराबरोबर वर्णनात एक वाक्य जोडलं होतं, जे मागून जोडता येतं, कारण त्याने आपला शोध वाढत नाही, पण जे शहाणा अर्जदार कधी लिहीत नाही: पेटी श्वास घेते हे प्रथम त्या जुन्या पेटंटाच्या कर्त्याने ओळखलं. परीक्षकाने ते तसंच राहू दिलं.

मंजुरीचा कागद टपालाने पाठवता आला असता. वकीलबाई तो घेऊन मावशींच्या घरी गेल्या, सुट्टीच्या दिवशी, दुपारी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत कपडे वाळत घातलेले. मावशींच्या सासूबाई खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या.

"वाचा की मोठ्याने," त्या म्हणाल्या. "आम्हालाही कळू दे सूनबाईंनी काय दिवे लावलेत."

वकीलबाईंनी राहिलेल्यांतला पहिला दावा वाचला. एकच वाक्य, अकरा ओळींचं. संपेस्तोवर त्यांना धाप लागली.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "एवढं मोठं वाक्य, आणि आमच्या सूनबाईंचं नाव कुठेच नाही त्यात?"

"नाव वर असतं. शोधकर्ता म्हणून."

"मग ते वाचा ना. खालचं राहू दे."

वकीलबाईंनी पान उलटलं आणि मावशींचं नाव वाचलं, त्यांचं, वडिलांचं आणि आडनाव. मावशी दाराशी ओले हात तसेच धरून उभ्या होत्या. सासूबाईंनी शेंगांची परात बाजूला सरकवली.

"पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या. "सावकाश."