सत्तावीस खुणा

मोठ्या मॅडमचा फोन आला तेव्हा ती मागच्या वर्षीचे फॉर्म शाळांप्रमाणे गठ्ठे करून लावत होती. सहा शाळा, चारशे बारा मुलं, वयं तेरा ते पंधरा. दुसरी फेरी सोमवारी सुरू व्हायची होती.

"तुमच्या फॉर्मला पिल्लं झालीत," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "येऊन बघून जा."

मोठ्या मॅडम म्हणजे त्या सहांतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. वसतिगृह असलेली शाळा तेवढी एकच. आईबाप कामासाठी लांब गेलेली साठ-सत्तर मुलं तिथे राहायची, आणि तिच्या अभ्यासाला नेमकी तीच मुलं हवी होती.

विषय सांगायला सोपा होता. ज्या मुलांना भेदभाव सोसावा लागतो, ती पुढे चार लोकांच्या कामात भाग घेतात, की अंग चोरून बाजूला राहतात? यावर छातीठोकपणे बोलणारे पुष्कळ होते. ती मोजणाऱ्यांपैकी होती, आणि मोजणाऱ्याला छाती ठोकायला सहसा दोन्ही हात मोकळे सापडत नाहीत.

फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. पण एकाच मुलाचे वर्षाच्या अंतराने भरलेले दोन फॉर्म जुळवायचे, तर काहीतरी ओळख हवी. म्हणून पहिल्या फेरीत तिनं प्रत्येकाला एक गुप्त खूण बनवायला सांगितली होती. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, आपली जन्मतारीख, आधीच्या शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर. म, सतरा, न. मुलांना विसरता येऊ नये आणि तिला ओळखता येऊ नये, अशी. वसतिगृहातल्या एका मुलीनं तेव्हा हात वर केला होता. प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणी घेते म्हणून वर्गात सगळे तिला वकील म्हणत.

"मॅडम, यावरून कोण ते खरंच कळत नाही?"

"मलासुद्धा कळत नाही," ती म्हणाली होती. आणि ते खरं होतं.

मोठ्या मॅडमच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरचं एक पान पालथं पसरलेलं होतं. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं. वर ठळक अक्षरांत तिचीच वाक्यं होती: 'तुमची माहिती गुप्त ठेवली जाईल. कोणतंही उत्तर चूक किंवा बरोबर नसतं.' त्याखाली प्रश्न एकच. गेल्या महिन्यात तुम्ही प्रयोगशाळेत परीक्षानळी स्वतःच्या हातात किती वेळा धरली? कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बरेचदा, नेहमी. हे पाच पर्याय तिचे. पुढे दोन रकाने, घरून येणारे आणि वसतिगृहातले. वसतिगृहाच्या रकान्यात 'कधीच नाही'समोर बत्तीस. घरून येणाऱ्यांच्या रकान्यात त्याच ओळीत दोन. त्याखाली मागणी लिहिलेली होती: आमचे आईबाप लांब असतात, म्हणून प्रयोगाच्या परवानगीपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या बाईंची सही चालावी.

आणि अगदी तळाला, सह्यांच्या जागी, सत्तावीस खुणा. म १७ न. र ४ स. आ २२ व.

"परवानगीशिवाय सूचनाफलकावर लावलंय," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पट्टी धरून काढलंय. वर्गात विचारलं तर सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघतात. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही एकेकाच्या."

"मागणी तर..."

"मागणी माझ्याकडे घेऊन यायचं होतं. मी काय खाते का? उद्या उठून कुणीही काहीही चिकटवेल. ज्यांनी लावलं त्यांच्या शेऱ्यात हे येणार." मोठ्या मॅडमनी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही काय भानगड आहे? कारकून म्हणतो, तुमच्या फॉर्मवरही असंच असायचं."

वसतिगृहातला प्रवेश दर वर्षी याच शेऱ्यावर पुढे चालू राहायचा. शेरा बिघडला की मुलगा किंवा मुलगी आईबापांकडे परत. आणि आईबाप जिथे होते तिथे शाळा नव्हती.

"उद्या सांगितलं तर चालेल?" ती म्हणाली.

"उद्या सांगा. मग तुमच्या दुसऱ्या फेरीचंही बघू."

उठताना तिची नजर मोठ्या मॅडमच्या मागच्या कपाटाकडे गेली. काचेआड जनरल रजिस्टरं ओळीनं उभी होती. विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा. तिनं स्वतःपासून मुलांना लपवलं होतं, आणि इतकं काटेकोर लपवलं होतं की शाळेपासून लपवायचं राहूनच गेलं होतं. रजिस्टर उघडून कुणी तासभर बसलं, की सत्तावीसच्या सत्तावीस नावं बाहेर येतील. आणि मुलांनी त्या खुणा बेधडक लिहिल्या, कारण तिनं सांगितलं होतं की यावरून कुणी ओळखत नाही.

रस्त्यात उभी राहूनच तिनं तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"गाळून टाक ती शाळा," सर म्हणाले. "मोजायला गेलेल्या माणसाचीच मुलांनी नक्कल केली. दूषित झाली ती शाळा."

"पण सर, सहभाग सहभाग म्हणतो तो हाच नाही का?"

"तो त्यांचा की तुझा? सांगू शकतेस?"

ती सांगू शकत नव्हती. भेदभाव सोसला म्हणून मुलं पुढे आली, की तिचा फॉर्म भरला म्हणून? फॉर्म नसता तर ती गप्प बसली असती का? मग तिनं वर्षभर नेमकं काय मोजलं? एका प्रश्नाचं टोक हाती लागावं तर त्याला दुसऱ्याची गाठ बसलेली.

संध्याकाळी ताई उद्याच्या ड्यूटीचा गणवेश इस्त्री करत होती. ताई परिचारिका होती, आणि या दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताईनं कॉलर पालथी केली.

"मग सांग ना, मला माहीत नाही म्हणून. मोकळी हो."

"मला माहीत नाही हे खरं आहे. पण त्यांना कळू शकतं, हे मला माहीत आहे."

"ते कुणी विचारलंय तुला?"

"विचारलं तर?"

"अगं शास्त्रज्ञबाई, तुला जेवलीस का विचारलं तरी तू पाच पर्याय देतेस." ताईनं इस्त्री उभी केली. "खोटं बोलायचं नाही, खरंही बोलायचं नाही. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं झालंय तुझं. पोरांचं काय होईल ते बघ आधी. तुझा प्रबंध काय, आज नाही तर उद्या होईल."

"प्रबंधासाठी नाही गं."

ताईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. थोडं प्रबंधासाठीही होतं. किती, ते तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायऱ्यांवरच वकील भेटली. वर्षात वीतभर उंच झालेली, स्वेटरच्या बाह्या मनगटाच्या वर.

"मॅडम, आमचा कागद बघितलात?"

"आमचा म्हणजे कुणाचा, ते मला सांगू नकोस."

"बरं. कुणाचा तरी कागद बघितलात?" मुलगी हसलीही नाही. "तो तुमचा चौदावा प्रश्न आहे ना, इतरांबरोबर मिळून कधी कशाची तक्रार केलीस का? मागच्या वर्षी सगळ्यांनी 'कधीच नाही' लिहिलं. मग जेवताना बोलणं निघालं, की असं करता येतं वाटतं. आता सोमवारी 'क्वचित' लिहिलं तर चालेल ना?"

"बत्तीस जणांना विचारत कोण फिरलं?"

"बत्तीस नाही, एकाहत्तर. आता कोण ते सांगू का नको?"

"नको," ती घाईनं म्हणाली आणि आत गेली. खुणांबद्दल त्या मुलीला आत्ताच सांगायला हवं होतं. पण कुठल्या तोंडानं सांगायचं, ते सुचलं नाही.

कागद टेबलावर होता तिथेच होता.

"बोला," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

"खुणा माझ्या फॉर्मवरच्या आहेत. कुठली कुणाची, ते मला माहीत नाही."

"म्हणजे कुणालाच कळणार नाही?"

इथे नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण आयुष्यभर तिनं 'काही'च्या जागी 'सगळे' लिहिलं नव्हतं, की 'बहुधा'च्या जागी 'नक्की'. जीभ सवयीनं वळली.

"मला नाही कळणार. ज्याच्याकडे मुलांची नोंद असेल, त्याला..."

ती थांबली, पण बाण सुटला होता. मोठ्या मॅडम वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होत्या. त्यांनी तळाची ओळ पाहिली, मग मान वळवून कपाट पाहिलं.

"सतरा ही तारीख," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि म म्हणजे..." त्यांनी घंटी वाजवली. कारकून दारात आला. "कपाटाची किल्ली आणा."

कारकून किल्ली आणायला गेला. ती उठली. कागद स्वतःकडे ओढून तिनं तळाची पट्टी दुमडली, घडीवर नखानं दोनदा दाब दिला, आणि पट्टी एका रेषेत फाडली. वाकडं जायला नको, एवढंच त्या क्षणी तिच्या डोक्यात होतं. पट्टी तिनं मुठीत धरली. आजवर तिनं रिकामा फॉर्मसुद्धा टाकलेला नव्हता.

मोठ्या मॅडम आ वासून बघत राहिल्या.

"हे काय केलंत?"

"माहीत नाही," ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. मुलांना वाचवलं, की स्वतःची चूक लपवली?

"मी झेरॉक्स काढून ठेवली असेल तर?"

"काढली आहे?"

मोठ्या मॅडमनी कागदाच्या फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "काढायला हवी होती," त्या म्हणाल्या.

कारकून किल्ली घेऊन आला. "राहू दे," असं ऐकून परत गेला. मोठ्या मॅडमनी उरलेला कागद आपल्याकडे फिरवला, चष्मा लावला.

"पोरांनी आपल्याच लोकांना विचारलं असणार. मग बत्तीस येणारच."

"नाही. घरून येणारे एकतीस, वसतिगृहातले चाळीस. बेरीज बघा, जुळते. जिथे कुणी नाही तिथे शून्यही लिहिलंय." तिच्या आवाजात नको असताना थोडं कौतुक आलं. "पहिल्या वर्षी मी एवढं नीट करत नव्हते."

"म्हणजे हे खरं आहे, असं तुमचं म्हणणं."

"मोजणी बरोबर आहे. खरं आहे का, ते प्रयोगशाळेत जाऊन बघावं लागेल."

"मला शिकवू नका," मोठ्या मॅडम म्हणाल्या, पण कागद त्यांनी घडी घालून खणात ठेवला, टोपलीत नाही. "दुसरी फेरी इथे होणार नाही. तुमचे फॉर्म पुन्हा माझ्या वर्गात नकोत. हे लेखी देऊ?"

"नको. समजलं."

बाहेर वकील तिथेच होती, शेजारी आणखी दोघी. तिनं मूठ उघडून पट्टी दाखवली आणि सरळ सांगून टाकलं: या खुणा रजिस्टरावरून ओळखता येतात. तुम्हाला सांगितलं ते अर्धंच खरं होतं. यापुढे कुठेही लिहू नका.



"हे आधी का नाही सांगितलं?" वकिलानं विचारलं.

"माझ्या लक्षात आलं नाही."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकून."

"मग आता कोणती खूण लिहायची?" शेजारची म्हणाली. "चपलेचा नंबर?"

"वसतिगृहाच्या चपला शाळाच देते," वकील म्हणाली. "यादी असते. आणि सोमवारी फॉर्मवर?"

"सोमवारी इथे काही नाही. परवानगी गेली."

"आमच्यामुळे?"

"नाही." मग नेहमीच्या सवयीनं तिनं त्या 'नाही'कडे पुन्हा एकदा पाहिलं. "थोडं तुमच्यामुळे. बरंचसं माझ्यामुळे. किती कुणामुळे, ते वेगळं काढता येत नाही."

"आणि आमचे मागच्या वर्षीचे फॉर्म? ते धरणार की टाकणार?"

याचा नियम होता, आणि तो तिनंच लिहिला होता: ज्या फॉर्मला जोडी मिळणार नाही, तो गाळावा. एका ओळीचा, स्वच्छ नियम. त्यानुसार या शाळेतल्या एकाही मुलानं कधी काही सांगितलं नव्हतं, सोसलं नव्हतं आणि केलंही नव्हतं.

"माहीत नाही गं," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. पिशवीतून वही काढली, कोऱ्या पानावर तारीख घातली, पण पुढे काय लिहायचं ते ठरेना. वकील शेजारी येऊन टेकली आणि वहीत डोकावून बघू लागली.