धक्क्यावरचं दुसरं दुकान

बाजारात स्पर्धा आली की माल स्वस्त होतो, खप वाढतो आणि देशाची भरभराट होते, असे राजधानीहून टोंगाच्या एका लहान बेटावर आलेल्या साहेबांनी चर्चच्या अंगणात छातीठोकपणे सांगितले. बोलून बोलून त्यांचा घसा सुकला. मग फोलाऊच्या दुकानात जाऊन त्यांनी सरबताचा एक डबा घेतला आणि राजधानीच्या दुप्पट भाव मुकाट्याने दिला. बेटावर दुसरे दुकानच नव्हते.

आता ते होणार होते. बोटीच्या धक्क्याजवळ पत्र्याची शेड उभी राहत होती. मालक कोण, कुणालाच ठाऊक नव्हते. सुतार म्हणत, मजुरी बोटीने येते, आम्ही कशाला विचारू. फोलाऊच्या पोरांची शाळा, चर्चची वर्गणी, सगळे या एका दुकानावर चालले होते. तिकडे हातोडीचा ठोका पडला की इकडे त्याचे माप चुके आणि गिऱ्हाइकाला चिमूटभर साखर जास्त जाई.

भीतीने तो कामाला लागला. कधी न पुसलेल्या फळ्या पुसल्या. डबाबंद गोमांसाचे भाव उतरवले. पिठातले किडे गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः शोधू लागला. होती नव्हती ती पुंजी घालून बोटीने बख्खळ माल मागवला. बायको ओफा म्हणाली, "लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी आंघोळ केली नव्हतीस, जेवढी या दुकानाला घालतोयस." गाव मात्र खूश. नवे दुकान उघडायच्या आधीच साहेबांचे म्हणणे खरे ठरत होते.

उद्घाटनाच्या सकाळी बोटीतून मालकीणबाई उतरल्या. राजधानीत दिलेली फोलाऊची थोरली बहीण, हेइलाला.

परका असता तर फोलाऊला भांडता आले असते. पण टोंगात बहिणीचा मान भावाहून मोठा. तिने भावाच्या घरातले काहीही उचलावे आणि भावाने तोंड उघडू नये, ही तिथली रीत.

ताई थेट दुकानात आली. फळ्यांवरून नजर फिरवून म्हणाली, "छान भरलंयस रे. माझा माल पुढच्या बोटीने येतोय. तोवर हा चालेल."

डबे गेले, पीठ गेले, साखरेची पोती गेली. फोलाऊने दार उघडे धरले. ओफाने कोपराने ढोसले, काहीतरी बोल म्हणून.

"काय बोलू? ताई आहे."

दुपारपर्यंत धक्क्यावर त्याचाच माल त्याच्याहून कमी भावाने विकला जाऊ लागला. ताईला तो फुकटच पडला होता. रिकाम्या, लखलखीत फळ्यांसमोर बसून फोलाऊ तिकडच्या गर्दीचा गलका ऐकत राहिला. आता उरले होते काय, तर तराजू आणि गल्ला. तेवढ्यात दारात पावले वाजली. त्याने घाईघाईने तराजूवर गोणपाट टाकले आणि वर पाहिले; गल्ला तसाच उघडा राहिला.

ताईच होती. घाम पुसत, जरा संकोचून म्हणाली, "फोलाऊ, सुट्टे आहेत का रे थोडे?"