सोमवार ते शनिवारचा रेडिओ

वर्षातून एकदा, मार्च महिन्यात, एल्मोर गॅडसन रेडिओ कंपनीला फोन करून खोटं बोलायचा. एरवी तो डीकन, चर्चचा मानकरी. खोटं बोलायला त्याची जीभ वळायची नाही. पण हे खोटं रस्त्यावरचे सगळेच ट्रकवाले बोलत, कंपनीलाही ते ठाऊक असे, म्हणून त्याने ते कधी पापात धरलं नव्हतं.

सांगायचं एवढंच की ट्रकमधला तो महिन्याचे पैसे भरून उपग्रहावरून ऐकायचा रेडिओ बंद करा, परवडत नाही. पलीकडची मुलगी हळहळायची, साहेबांना विचारते म्हणायची, तोवर कानाशी दोन गाणी वाजायची, आणि ती परत यायची तेव्हा महिन्याच्या पंचवीस डॉलरचे बारा झालेले असायचे. मग एल्मोर एक लांब श्वास सोडायचा, जणू तोच कंपनीवर उपकार करतोय, आणि म्हणायचा, "बरं, राहू द्या." अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या शुक्रवारी तो नेब्रास्कात नॉर्थ प्लॅटच्या ट्रकतळावर उभा होता. मागे गोठवलेल्या कोंबडीचे बावीस पॅलेट, युटाला पोचवायचे. अर्कान्सामध्ये माल भरायला सहा तास थांबवलं होतं आणि कंबर त्याचा सूड अजून उगवत होती. ड्रायव्हरच्या खुर्चीतच मागे रेलून त्याने नंबर फिरवला.

"म्हणजे तुम्हाला बंद करायचंय, मिस्टर गॅडसन?"

"हो बेटा. नाही परवडत आता."

"समजू शकते, सर." कीबोर्डच्या कळा वाजल्या. "झालं. बंद केलं."

एल्मोर थांबला. आता साहेब, आता गाणी, असं म्हणत थांबला. काहीच वाजेना.

"केलं?"

"हो सर. हल्ली कुणाला अडवून धरत नाही आम्ही. लोक कंटाळायचे त्याला. आणखी काही मदत करू?"

मी गंमत करत होतो, नेहमीच्या भावाने द्या, एवढं म्हणायचं होतं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला नातीच्या वयाच्या मुलीपुढे ते म्हणवेना.

"नको. देव तुझं भलं करो."

"तुमचंही, सर."

त्याने बायकोला फोन लावला. व्हर्लीन ब्रिंकलीत घरी होती, भांड्यांचा आवाज येत होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग हसत सुटली.

"दरवर्षी रुसून दारापर्यंत जायचास, ते हाताला धरून आत आणायचे. या वेळी दार उघडून धरलं, होय?"

"हस तू. मला अजून वायोमिंग ओलांडायचंय."

"मग पूर्ण पैसे भर."

"पंचवीस? त्या डबड्याला?"

"बघ म्हणजे. परवापर्यंत त्याच्यावाचून जीव जात होता, आता डबडं झालं." तिचा आवाज घोगरा येत होता. "घरी ये रविवारी. इथे फुकट आहे."

"रविवारच्या फेरीला जास्त मिळतात, व्हर्ली."

"हो का," ती म्हणाली, आणि विषय तिथेच ठेवला. तिने असा ठेवलेला विषय एल्मोरला रात्रभर टोचत असे.

फेरीला जास्त मिळत, हे खरंच होतं. पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत एल्मोरने रविवारची फेरी कधी घेतली नव्हती. ब्रिंकलीतल्या माउंट ऑलिव्ह या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला जुन्या मंडळींच्या चार खुर्च्या आहेत. त्याला आमेन-कोपरा म्हणतात. तिथली दुसरी खुर्ची त्याची. उपदेश करणारा एकट्याने उपदेश करत नसतो. आधी तो साधं बोलतो, पायऱ्या मोजत जिना चढल्यासारखा. मग श्वासाला लय येते, वाक्यं आखूड होतात, आवाज वर सरकतो, आणि एका क्षणी बोलण्याचं गाणं झालेलं असतं. कुठे झालं ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. पण प्रत्येक ओळीनंतर तो एक फट ठेवतो. त्या फटीत कोपऱ्याने काहीतरी टाकायचं असतं. 'बोला.' 'आता कसं.' 'सावकाश, घाई नाही.' आणि गाडी चिखलात रुतलेली दिसली की, 'प्रभू, हात दे.' मागे धरणारं कुणी नसेल तर भला भला उपदेशक चौथ्या ओळीला कोरडा पडतो.

म्हातारे रेव्हरंड मॉस्बी गेले आणि त्यांच्या जागी रेव्हरंड डेल्फीन ॲस्क्यू आल्या. बाई. कोपऱ्याने त्यांना हाकलून दिलं नाही, कुणी वाकडं बोललंही नाही. चौघांनी फक्त हाताची घडी घातली. तीन रविवार एल्मोरही तसाच बसला, आणि चौथ्या रविवारी त्याला ओरेगॉनची फेरी मिळाली. तेव्हापासून मिळतच गेली. रविवारी सकाळी आकाशातून येणाऱ्या त्या रेडिओवर जुने, मुरलेले उपदेशक लागत, मेम्फिसचे, डेट्रॉईटचे, निम्मे तर देवाघरी गेलेले, आणि एल्मोर ताशी शंभर किलोमीटरने जाता जाता काचेला आमेन म्हणत असे.

व्हर्लीन एकदाच म्हणाली होती, "तो रेडिओ तू प्रवचन ऐकायला घेत नाहीस, एल्मोर. तिचं ऐकावं लागू नये म्हणून घेतोस." तो चिडला होता. इतका चिडला होता की ते खरं असल्याचं दोघांनाही कळलं.

शनिवारी रेडिओवर एकच वाहिनी उरली होती: कंपनीची स्वतःची जाहिरात. पुन्हा या, पुन्हा या, असं एक आनंदी बाई दर पाच मिनिटांनी म्हणत होती. त्याने आवाज बंद केला. साध्या रेडिओवर मक्याचे भाव लागले, डुकरांचे भाव लागले, आणि मग एक उपदेशक लागला, तोही देवाबद्दल भाव सांगितल्यासारखंच बोलत होता. टेकड्या आल्या तसा तोही खरखरत गेला. मग नुसती चाकं. एल्मोरच्या पापण्या जड झाल्या. त्याने काच खाली केली, थंड वारं तोंडावर घेतलं, सूर्यफुलाच्या बिया चघळल्या, गालावर दोन चापट्या मारल्या. आजवर त्याला जागं ठेवायला हे काही लागलं नव्हतं. रेडिओतल्या माणसाने फट ठेवली की ती भरायला जागं राहावंच लागे.

लॅरमीच्या अलीकडे फलक लागले होते: पुढे वारा, रस्ता बंद. तिथल्या वाऱ्याने भरलेले ट्रक आडवे होतात. तळावर पन्नाससाठ गाड्या आधीच उभ्या होत्या. त्याने गाडी लावली आणि कपडे न बदलता झोपला.

सकाळी उठला तेव्हा उभी गाडी वाऱ्याने अजून हलत होती. रस्ता अकरापर्यंत तरी उघडणार नव्हता. कॉफी आणायला उतरला, तर डिझेलच्या पंपांमागे एक जुना ट्रेलर दिसला. चाकं काढलेली, दाराला लाकडी पायऱ्या, वर क्रूस. बाहेर पाटी: प्रार्थना, साडेआठ, बूट पुसले नाहीत तरी चालेल.

आत सहा बाकं आणि एक हीटर. पाद्री गोरा होता, सत्तरीचा, कर्ट लिंडहोम नावाचा, स्वतः तीस वर्षं ट्रक हाकलेला. ऐकायला दोन ड्रायव्हर. त्यातला एक डुलक्या घेत होता. एल्मोर तिसरा. हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. लिंडहोम ती कागदावरून वाचत होता, बोट ओळीवर ठेवून, विम्याची कलमं वाचावीत तशी.

एल्मोरने गप्प बसायचंच ठरवलं होतं. पण नव्याण्णव मेंढरं माळावर ठेवून धनगर निघाला, तिथे म्हाताऱ्याने श्वास घ्यायला थांबून कागद उलटला, आणि एल्मोरच्या तोंडून निघून गेलं, "बोला."

लिंडहोमने वर पाहिलं. "बोलतोच आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा ओळ शोधू लागला.

ती सापडेना. दोन कागद चिकटले होते. तो त्यांच्याशी झटापट करत राहिला, कान लाल झाले.

"प्रभू, हात दे याला," एल्मोर हळूच म्हणाला.

"काही हवंय का, सर?"

"काही नको. आमच्याकडे असंच ऐकतात. तुम्ही चालू द्या."

"म्हणजे मी चुकत नाहीये?"

"तुम्ही थकलाय. सावकाश घ्या. आम्ही काही कुठे जात नाही, रस्ताच बंद आहे."

डुलक्या घेणारा ड्रायव्हर फसकन हसला. लिंडहोमही हसला. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि एकदा आपणच याच रस्त्यावर बर्फात दोन दिवस कसे अडकलो होतो ते सांगू लागला. इंधन संपत आलेलं, बायकोला लिहिलेली चिठ्ठी डॅशबोर्डवर ठेवलेली. "आणि कुणीतरी काचेवर ठोकलं," तो म्हणाला.

"आता कसं," एल्मोर म्हणाला.

"मी त्याला बोलावलं नव्हतं."

"नव्हतंच."

"माझं नावही त्याला ठाऊक नव्हतं."

"बोला."

म्हाताऱ्याला गाता आलं नाही, ते त्याच्या रक्तात नव्हतं. पण त्याचा आवाज दोन पायऱ्या चढला आणि तिथे टिकला. संपल्यावर तो एल्मोरचा हात बराच वेळ सोडेना. "नऊ वर्षं इथे बोलतोय," तो म्हणाला. "हीटरशी बोलावं तसं. कुणी ऐकतंय हे आज कळलं."

एल्मोरने बाहेर येऊन हे सगळं हौसेने व्हर्लीनला फोनवर सांगितलं. ती चर्चला निघाली होती, गाडीची दारं लागत होती. ती हसली नाही.

"छान झालं," ती म्हणाली. "वायोमिंगमधल्या अनोळखी माणसाला दिलंस. दे, तुझं आहे. इथे मी एकटी आमेन म्हणते, एल्मोर. दोन वर्षं. माझा घसा बसलाय तो सर्दीने नाही."

"व्हर्ली—"

"अकराला सुरू होतं. फोनवर दिसतं. दर आठवड्याला लिंक पाठवते मी, तू उघडत नाहीस." आणि तिने फोन ठेवला.

तिकडचे अकरा म्हणजे इथले दहा. त्याने केबिनमध्ये बसून फोन स्टिअरिंगला टेकवला आणि लिंक उघडली. चित्र अडखळत होतं, पण आवाज स्वच्छ होता. रेव्हरंड ॲस्क्यू विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगत होत्या. बाईंना येत होतं. हे त्याला पहिल्या रविवारीच कळलं होतं, हीच तर अडचण होती. त्या पायरी पायरीने चढल्या, श्वास बांधला, ओळ टाकली आणि फट ठेवली.

फटीत व्हर्लीनचा एक फुटका आमेन पडला. बाकी काही नाही.

कॅमेऱ्याच्या डाव्या कडेला कोपरा दिसत होता. तीन हाताच्या घड्या आणि एक रिकामी खुर्ची. बाई पुन्हा चढल्या, पुन्हा फट ठेवली. "सावकाश," एल्मोर फोनला म्हणाला. "सावकाश, घाई नाही." ते लॅरमीच्या वाऱ्यात राहिलं. चौथ्या ओळीला त्या कोरड्या पडल्या, पाणी प्यायल्या, आणि उरलेलं साधं बोलून संपवलं.

दोन वर्षं आपण काचेला जे म्हणत आलो तेही असंच कुठेतरी पडलं असणार, असं त्याच्या मनात आलं. मेम्फिसच्या त्या मेलेल्या माणसांना त्याची गरज नव्हती. त्यांच्या मागे त्यांचा कोपरा होता. रेडिओत तो ऐकूही येत असे.

रस्ता उघडल्याची हाक आली. गाडी सुरू करण्याआधी त्याने फेऱ्या वाटणाऱ्या रँडलला फोन केला.

"यापुढे रविवार नको मला. जवळच्या फेऱ्या दे. टेक्सास, मिसूरी, काय असेल ते."

"कमी मिळतील, म्हाताऱ्या."

"ठाऊक आहे."

"देव भेटला की कंबर गेली?"

"दोन्ही," एल्मोर म्हणाला.

मंगळवारी परतीच्या वाटेवर रेडिओ कंपनीचा निरोप आला: परत या, वर्षभर महिना पाच डॉलर. अकरा वर्षं घासाघीस करून जे जमलं नव्हतं ते खरोखर निघून गेल्यावर आपसूक चालत आलं होतं. त्याने फोन लावला.

"रविवार वगळून मिळेल का?"

"नाही सर, तसं नसतं," पलीकडची मुलगी म्हणाली, ही वेगळी होती. "सातही दिवस घ्यावे लागतात."

"मग दे. रविवारी मी त्याला सुट्टी देईन."

रविवारी तो दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला. शनिवारी उशिरा पोचला होता. कॉलर काचत होती, डोळ्यांत वाळू होती. शेजारून डीकन पर्व्हिस घडी न सोडता पुटपुटला, "वाट चुकलास का?"

"चुकलो होतो," एल्मोर म्हणाला.

रेव्हरंड ॲस्क्यूंनी पुस्तक उघडलं. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं नाही. तिकडे न पाहायची त्यांना सवय झाली होती. आजही त्या नीट चढत गेल्या. त्याला झोप अनावर येत होती, आणि व्हर्लीन तिसऱ्या बाकावरून त्याच्याकडे बघत नसल्यासारखं करत होती. ओळ संपली. फट आली. पर्व्हिसने खाली बुटांकडे पाहिलं.

"सावकाश, रेव्हरंड," एल्मोर म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "घाई नाही."

बाई थांबल्या. एक हात कठड्यावर होता, त्याने त्यांनी कठडा घट्ट धरला. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, मघापेक्षा एक स्वर वर.