पाठीमागची ताई

ताईला आमच्या संघातून काढलं ते एका सकाळी, आम्ही दोघी दात घासत असताना. फोन वाजला. तोंडात पेस्ट तशीच ठेवून ती "हं... हं... चालेल" एवढंच बोलली, चूळ भरली आणि मला म्हणाली, "माझी अदलाबदल झाली. मी दुसऱ्या संघात, आणि माझ्या जागी त्यांची ती पोरगी येतेय, जिला सगळे गोळी म्हणतात. तुझी मजा आहे. तिने बॉल सोडला की जाळीतच जातो म्हणतात."

बास्केटबॉल हाच आमचा दोघींचा पोटापाण्याचा धंदा. एकाच संघात, एकाच फ्लॅटमध्ये आम्ही सात वर्षं काढली होती. ती उंच, म्हणून आमच्या रिंगखाली राखणीला उभी राहायची. मी बुटकी, म्हणून बॉल घेऊन पुढे पळायचे. पण त्या वर्षी तिचं काहीच जमत नव्हतं. गुडघे कुरकुरत होते. तिने बॉल टाकला की तो रिंगवर आपटून परत यायचा, आणि लोक तो हातातून सुटायच्या आधीच उसासा टाकायचे. कोच मॅडमनी तिला काढलं यात कुणाला नवल वाटलं नाही. ताईलाही नाही.

गोळी आली. खोटं कशाला बोलू, पोरगी भन्नाट होती. पहिल्याच सामन्यात तिने एकटीने तीस गुण ठोकले. फोनवर बाबासुद्धा म्हणाले, "ताईचं वाईट वाटतं गं, पण ही पोर म्हणजे कहर आहे."

सुरुवातीचे सामने आम्ही जिंकलो. मग हरायला लागलो, ते हरतच राहिलो. गुण तर आम्ही पूर्वीपेक्षा जास्त करत होतो. पण समोरच्या मुली आमच्या रिंगखाली अशा शिरायच्या, जणू स्वतःच्या घरात चालल्यात. आम्ही एकमेकींच्या पायात यायचो. मला तर दर सामन्यात कुणी ना कुणी बाजूने येऊन धडकायचं. मॅडम सामन्यांचे तेच व्हिडिओ पुन्हापुन्हा दाखवायच्या, आणि चूक काही सापडत नव्हती.

एकदा कपडे बदलायच्या खोलीत गोळी रडायलाच लागली. "माझ्यामुळे होतंय ना हे?"

"तुझ्यामुळे नाही गं," मी म्हटलं. पण मग कशामुळे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

आणि मग ताईच्या नव्या संघाशी सामना आला.

ती सुरुवातीला बाकावर होती. दुसऱ्या क्वार्टरला मैदानात आली तेव्हा आम्ही पुढे होतो. आल्याआल्या तिने बॉल टाकला. तो रिंगला लागून बाहेर. आमचे प्रेक्षक हसले. बॉल माझ्याकडे आला, मी तो घेऊन पुढे निघाले, मान वर केली आणि जागच्या जागी थबकले.

सात वर्षं ताई माझ्या पाठीमागे उभी होती. तिला खेळताना मी समोरून कधी पाहिलंच नव्हतं.

तिचं बॉलकडे लक्षच नव्हतं. तिची नजर आमच्या पाचजणींवरून सारखी फिरत होती आणि ओठ क्षणभरही थांबत नव्हते. "डावीकडून येतेय... तू थांब... आता सरक!" तिच्या चार जोडीदारणी, काल-परवापर्यंत अनोळखी, मागे वळूनही न बघता सरकत होत्या. एकाच हाताची बोटं हलावीत तशा. मी गोळीला पास द्यायचं मनात आणलं, नुसतं मनात, तर ताई तिथे आधीच पोचलेली. पळत नाही, उडी नाही. दोन पावलं चालून, हात वर करून उभी. मैदान केवढं असतं आणि ते एका माणसाच्या डोळ्यांत कसं मावतं, हे मी आ वासून बघत राहिले. माझ्या हातातला बॉल कुणी काढून नेला तेही उशिरा कळलं.

मॅडमनी टाइमआउट घेतला. "झोपलीस का तू?"

"मॅडम, तिच्याकडे बघा. नुसतं बघा. आणि ऐका."

खेळ पुन्हा सुरू झाला तशा मॅडम बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने मी बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "मी व्हिडिओ नेहमी आवाज बंद करून बघते गं."

आम्ही हरलो. ताईचे गुण होते दोन.

नंतर ती बाहेरच्या पॅसेजमध्ये दोन्ही गुडघ्यांवर बर्फ ठेवून बसली होती. "काय गं, भूत बघितल्यासारखी काय उभी राहिलीस?"

"तू एवढं सगळं बघायचीस? रोज?"

"मग काय डोळे मिटून उभी असायचे?"

"मला वाटायचं, मीच चपळ आहे."

ती खो खो हसली. "चपळच आहेस. मी फक्त ओरडायचे. पोचायचीस तूच."

"आता कोण ओरडणार?"

"का? तुला तोंड नाही? घरी तर मिनिटभर बंद नसायचं!"

दुसऱ्या दिवसापासून मी ओरडायला लागले. आधी सगळंच चुकायचं; डावं-उजवं उलटसुलट, घसा बसलेला. मग गोळीही ओरडायला लागली, मग बाकीच्या. हळूहळू आमचं धडकणं थांबलं आणि त्या वर्षी आम्ही कशाबशा मधल्या नंबरावर आलो. ताईचा संघ अंतिम फेरीत गेला.

तो सामना बघायला मी बाबांना घेऊन गेले. बाबांचा चष्मा बदलायला झाला होता, ते सारखे माझा दंड हलवून विचारत होते, "बॉल कुणाकडे आहे? अगं, बॉल कुठे गेला?"

"माहीत नाही हो बाबा," मी म्हणाले. मी ताईकडे बघत होते.